नवीन मोटरबोट घेतलीय? मग आधी हे शब्द तोंडात बसवा

आपल्या भागात गेल्या काही वर्षांत इंजिनाच्या बोटी चांगल्याच वाढल्यात. वर तापोळा-बामणोलीकडं लोक पर्यटनासाठी घेतायत, खाली सांगली, मिरज, पलूस पट्ट्यात २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या बऱ्याच गावांत बोट आली. बोट येते, ओबीएम येतं (म्हणजे मागं टांगायचं इंजिन, आउटबोर्ड मोटर, सरकारी कागदात आणि मिस्त्रीच्या तोंडात ओबीएमच), डीलरचा माणूस तासभर फिरवून दाखवतो आणि निघून जातो, आणि मग मॅन्युअल उघडलं की पहिल्याच पानावर ट्रान्सम, स्केग, बिल्ज असलं काय काय दिसतं आणि माणूस ते मॅन्युअल कपाटात ठेवून देतो ते कायमचं.

सगळी जंत्री पाठ करायची काही गरज नाही. मी क्रम असा लावलाय, आधी ज्या शब्दांनी माणूस वाचतो ते, मग ज्यांनी इंजिन वाचतं ते, आणि बाकीचे जमेल तसे. बोटीवर शब्द लागतात ते मुख्यतः दुसऱ्या माणसाला दोन सेकंदात काम सांगायला. इंजिनाचा आवाज असतो, वारा असतो, तिथं "अरे ते हे धर की" चालत नाही.

सुरुवात दिशांपासून. बोटीचं पुढचं टोक म्हणजे बो, आपल्याकडचे जुने नावाडी नाळ म्हणतात, दोन्ही चालतंय. मागचं टोक स्टर्न. आणि मागची जी सपाट उभी भिंत असते, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, ती ट्रान्सम. आता डावं-उजवं. इथं लोक हसतात की डावं-उजवं काय शिकायचं, पण हा प्रकार बघा. आबा मागं इंजिनावर बसलेत, तोंड पुढं. तात्या नाळेवर उभा आहे पण तोंड मागं करून, कारण दोरी सोडवतोय. समोर बुंधा दिसतो.

"आबा, डावीकडं घ्या, डावीकडं!"
"तुझ्या का माझ्या?"

तेवढ्यात बुंधा लागलेला असतो. म्हणून पोर्ट आणि स्टारबोर्ड. नाळेकडं तोंड करून उभं राहिल्यावर जी डावी बाजू ती पोर्ट, उजवी ती स्टारबोर्ड, आणि तुम्ही नंतर कुठंही तोंड करा, उलटे झोपा, पोर्ट पोर्टच राहतं. जुन्या काळी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असायचं, त्यावरून स्टारबोर्ड पडलं, आणि ते वल्हं धक्क्याला घासून मोडू नये म्हणून बोट डाव्या बाजूनं बंदराला लावायचे, म्हणून ती बाजू पोर्ट. पोर्टचा दिवा लाल, स्टारबोर्डचा हिरवा. पोरांना लक्षात राहावं म्हणून दोन्ही बाजूंना आतून लाल-हिरव्या चिकटपट्ट्या लावून टाका, मग नवीन माणसाला "लाल बाजूला सरक" म्हटलं तरी भागतं. पुढं म्हणजे अहेड, मागं म्हणजे अस्टर्न, बरोबर आडवं बाजूला म्हणजे अबीम. हे तीन ऐकून माहीत असू द्या, रोज लागत नाहीत.

आता चालवण्याचं. गाडी चालवणाऱ्याला बोट हातात आली की सगळ्यात जास्त फसवते ती वळताना, कारण गाडीची पुढची चाकं वळतात आणि मागचं त्यांच्या मागं येतं, बोटीचं उलट आहे, ढकलणारं इंजिन मागं, त्यामुळं स्टर्न बाहेर फेकली जाते आणि बो आत वळते. धक्क्यावरून निघताना स्टीअरिंग एकदम बाहेरच्या बाजूला फिरवलं की नाळ सुटते पण मागची बाजू धक्क्यावर आपटते, आणि मागंच तर इंजिन असतं. थोडं सरळ लांब ढकलून घ्यायचं आणि मग वळायचं.

छोट्या इंजिनाला स्टीअरिंग नसतं, दांडा असतो, तो टिलर. टिलर उजवीकडं ढकलला की बोट डावीकडं जाते. पहिले काही दिवस डोकं चक्रावतं, मग हाताला सवय होते, पण तोपर्यंत गर्दीच्या घाटावर नको, मोकळ्या पाण्यात जा. आणि ब्रेक नावाची वस्तू बोटीवर नाही. गिअर तीनच, फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स, आणि थांबायचं म्हणजे आधी गॅस कमी, मग न्यूट्रल, मग थोडा रिव्हर्स. फुल गॅसवरून थेट रिव्हर्स टाकला की गिअर जातो, आणि मागं उठलेली स्वतःचीच लाट ट्रान्समवरून आत येऊ शकते. ही जी मागं उठणारी लाट आहे ना, तिला वेक म्हणतात. हरिपूरला संगमाजवळ किंवा कुठल्याही घाटावर लोक पाण्यात असतात, शर्यतीच्या होड्यांचा सराव चाललेला असतो, त्या लांब अरुंद वल्ह्याच्या होड्या, तिथून तुम्ही जोरात गेलात तर तुमची वेक त्यांच्या आत जाते. अशा जागी नो वेक, म्हणजे जेमतेम सुकाणू ऐकेल इतकाच वेग.

किल स्विच. हा एक शब्द या सगळ्यात पाठ पाहिजेच. इंजिनावर किंवा स्टीअरिंगजवळ एक लाल बटण असतं, त्यात एक क्लिप अडकवलेली, क्लिपला पिळाची दोरी, तिला लॅनयार्ड म्हणतात. ती दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायची. माणूस तोल जाऊन पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद. दोरी अडकवलेली नसली तर काय होतं, माणूस पाण्यात, बोट मोकळी, टिलर एका बाजूला कलतो आणि बोट गोल गोल फिरत त्याच माणसावर परत येते, आणि तिच्याखाली इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) फिरतोय. आपल्याकडं बहुतेक बोटींवर ही दोरी इंजिनाच्या हँडललाच कायमची गुंडाळलेली दिसते. का, तर आडवी येते म्हणून. आडवी येऊ दे लका, तिचं कामच ते आहे. एक जादा क्लिप मात्र बोटीत ठेवा, कारण क्लिपसकट माणूस पाण्यात गेला तर उरलेल्यांना इंजिन चालू करून त्याच्यापर्यंत जाता आलं पाहिजे.

मापाचे शब्द चार. एकूण लांबी म्हणजे एलओए. रुंदी म्हणजे बीम. पाण्याखाली बोट किती फूट बुडते ते ड्राफ्ट. आणि पाण्याच्या वर काठापर्यंत किती उंची उरली ते फ्रीबोर्ड. काठाची वरची कड म्हणजे गनेल, लिहितात गनवेल असं काहीतरी पण म्हणतात गनेल.

यातलं फ्रीबोर्ड नीट समजून घ्या. रिकामी बोट बघितली की दोन फूट काठ वर दिसतो, वाटतं अजून दहा माणसं सहज बसतील. माणूस चढला की बोट खाली जाते, सगळे एका बाजूला सरकले की त्या बाजूचा फ्रीबोर्ड आणखी निम्मा होतो, आणि त्यात एक लाट किंवा पुराचा एक भोवरा आला की पाणी आत. आत आलेलं पाणी पण स्थिर राहत नाही, बोट जिकडं कलली तिकडंच पळतं आणि अजून कलवतं. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसं गेली, क्षमतेपेक्षा जास्त लोक बसल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडं होत्या, या पट्ट्यात कुणाला वेगळं सांगायला नको. बोटीवर कंपनीची कपॅसिटी प्लेट असते, किती माणसं, किती किलो, किती हॉर्सपॉवरपर्यंत इंजिन. किलोत इंजिन, पेट्रोलची टाकी, सामान सगळं धरायचं. प्लेटवर दहा लिहिलंय म्हणून पोत्यांसकट दहा असं नसतं. बोट पाण्यानं भरली पण तरंगतेय तर ती स्वॅम्प झाली, उलटली तर कॅपसाइझ. दोन्हीत नियम एकच, बोट तरंगत असेल तर तिला धरून राहायचं, किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत सुटायचं नाही. आणि लाइफ जॅकेट बाकड्याखाली बांधून ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य, अंगात पाहिजे आणि बकल लावलेलं पाहिजे, लहान पोरांना पोरांच्या मापाचं, कारण मोठं जॅकेट पोर पाण्यात पडलं की वर निघून जातं.

ड्राफ्ट कोयनेवाल्यांचा विषय. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरलेला असतो तेव्हा १०५ टीएमसीचं धरण, वर नुसतं निळं पाणी, कुठूनही कुठंही जा. मार्चनंतर पाणी उतरायला लागलं की जुन्या गावांची जोती, बांध, झाडांचे बुंधे वर यायला लागतात, आणि वर आलेले परवडले, खरा घोळ फूटभर पाण्याखाली राहिलेल्यांचा. दिवाळीत ज्या वाटेनं गेलात ती वाट मे महिन्यात वाट नसते. ड्राफ्ट मोजताना बोटीचा तळ धरू नका, इंजिनाचं सगळ्यात खालचं टोक धरा. ते टोक म्हणजे स्केग, पंख्याच्या खाली माशाच्या परासारखं असतं ते. तळाला बोट टेकली तर अग्राउंड झाली म्हणायचं, आणि तेव्हा गॅस देऊन पुढं रेटायचं नाही, इंजिन बंद, टिल्ट वर (म्हणजे इंजिन पाण्याबाहेर उचलून), वल्ह्यानं किंवा बांबूनं ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं मागं. वल्हं बोटीत पाहिजेच, इंजिन कितीही नवीन असलं तरी.

पुरात याच्या उलटा शब्द लागतो, एअर ड्राफ्ट, म्हणजे पाण्यापासून वर तुमच्या बोटीवरचं सगळ्यात उंच टोक किती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला गेलं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, आणि त्याच्या वर गेलं की गावात, मळ्यात बोटी फिरतात, तिथं विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर आलेल्या असतात. उभ्या माणसाची उंची पण एअर ड्राफ्टमध्येच आली. लाइट बंद केलीय असं कुणी सांगितलं तरी तार म्हणजे जिवंतच समजायची. पाण्याखाली कुंपणाच्या तारा, ऊस, ठिबकच्या नळ्या, मोटारीच्या केबल, यातलं काहीही पंख्यात गुंडाळतं.

आता इंजिन. ओबीएमचे तीन भाग करा डोक्यात. वर झाकणाखाली असतं ते पॉवरहेड, खरं इंजिन. मधला लांब पाय ती मिडसेक्शन. खाली पाण्यात असतो तो लोअर युनिट, त्यात गिअर, त्यालाच पंखा. झाकणाला काउल म्हणतात, मिस्त्री सरळ टोपी म्हणतात.

शाफ्टची लांबी खरेदीच्या वेळी विचारायची, मागाहून नाही. शॉर्ट शाफ्ट १५ इंच ट्रान्समला, लाँग २० इंचाला, एक्स्ट्रा लाँग २५ ला. ट्रान्सम १५ आणि इंजिन लाँग घेतलं तर पाय नको तेवढा खोल जातो, ओढ वाढते, बुंध्याला आधी लागतो. उलट केलं तर पंखा वरच राहतो आणि हवा खातो. बरोबर बसलंय का बघायची खूण सोपी आहे, पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, अँटी-व्हेंटिलेशन प्लेट, ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत यायला पाहिजे.

त्यावरून व्हेंटिलेशन आणि कॅव्हिटेशन. लोक दोन्हीला कॅव्हिटेशनच म्हणतात. जोरात वळताना किंवा लाटेवर अचानक इंजिन कोकलतं आणि बोट मात्र पुढं जात नाही, ते बहुतेक वेळा व्हेंटिलेशन असतं, म्हणजे वरची हवा ओढली जाऊन पंख्याला पाणीच मिळत नाही. गॅस कमी करा, पंखा परत पाणी पकडतो. कॅव्हिटेशन वेगळं, पंख्याच्या पात्यावर दाब इतका कमी होतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना पातं खातात, छोटे छोटे खड्डे पडतात. पातं वाकलंय किंवा कड मोडलीय तर हे सुरू होतं, म्हणून दगड लागला की पंखा बघायचा, "चालतंय की" म्हणून सोडायचं नाही.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, समजा १३ आणि १९. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे लाकडात स्क्रू फिरवल्यावर एका फेऱ्यात जेवढा आत जाईल तेवढं, इथं कागदावर १९ इंच. पाणी लाकूड नाही त्यामुळं प्रत्यक्षात कमीच जातं, त्या फरकाला स्लिप म्हणतात. माणसं-सामान भरून चालणारी बोट असेल तर पिच कमी घ्या, उचल चांगली मिळते, मोकळी पळवायची असेल तर जास्त. ओझ्याच्या बोटीला जास्त पिचचा पंखा लावला की इंजिन पूर्ण आरपीएमला पोचतच नाही, कण्हत चालतं, पेट्रोल पितं, आणि मग मालक इंजिनाला शिव्या देतो. पंख्याच्या मध्ये रबरी बुश असतं, छोट्या इंजिनात त्याऐवजी शिअर पिन, दगड लागला की हे आधी तुटावं आणि गिअर वाचावा एवढ्यासाठीच ते असतं. पिन तुटली म्हणून तिथं खिळा ठोकणारे महाभाग आहेत, नका करू, पुढच्या दगडाला लोअर युनिट जातं. जादा पिन, कॉटर पिन आणि पाना हे एका डब्यात घालून बोटीतच.

इंजिन चालू केल्यावर पहिल्यांदा कुठं बघायचं तर मागं, टेल-टेलकडं. इंजिनाच्या मागच्या बाजूनं बारीक धार पडते पाण्याची, मिस्त्री तिला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. ओबीएमला बहुतेक रेडिएटर नसतो, खालून जाळीतून, म्हणजे वॉटर इनटेकमधून, नदीचंच पाणी ओढून ते इंजिन गार करतं, ओढायचं काम एक रबरी पात्यांचं चाक करतं, ते इम्पेलर. धार थांबली की इंजिन लगेच बंद. कृष्णेत तर जलपर्णी आणि प्लॅस्टिक पिशव्या इनटेकवर बसतात, इंजिन टिल्ट करून पिशवी काढली की धार परत सुरू होते. पिशवी काढताना इंजिन बंद आणि क्लिप काढून खिशात. पिशवी नसून पण धार नसेल तर धार पडते त्या भोकात गाळ असेल, बारीक तारेनं मोकळं करा, तरी नसेल तर इम्पेलर गेला. इंजिन पाण्याबाहेर घरासमोर "जरा आवाज बघू" म्हणून चालू करायचं नाही, कोरडा इम्पेलर बघता बघता जळतो. पिंपात पाणी भरून त्यात लोअर युनिट बुडवून मग चालू करा, किंवा इनटेकवर बसणारे रबरी कान मिळतात, फ्लशिंग मफ, त्याला नळाची पाइप लावून.

पेट्रोलच्या बाजूला तीन शब्द. टाकीच्या झाकणावर छोटा स्क्रू असतो तो एअर व्हेंट, चालवताना उघडा, वाहून नेताना बंद. तो उघडायचा राहिला की इंजिन मस्त चालू होतं आणि थोडं लांब गेल्यावर बंद पडतं, टाकीत पोकळी होऊन पेट्रोल यायचं थांबतं, आणि लोक प्लग काढून बसतात. नळीच्या मध्ये रबरी गोळा असतो तो प्रायमर बल्ब, त्यावर बाण असतो, बाण इंजिनाकडं पाहिजे, घट्ट होईपर्यंत दाबायचा. आणि चोक, थंड इंजिनाला, बाकी मोटारसायकलवाल्यांना सांगायला नको. टू-स्ट्रोकला ऑइल मिसळायचं, बऱ्याच इंजिनांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, नवीन इंजिनाच्या रनिंग-इनमध्ये जास्त असतं, तुमच्या मॉडेलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा, बघितलंच पाहिजे असं मॅन्युअलमधलं पान कुठलं तर हे. ऑइल ओबीएमचंच, टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं. फोर-स्ट्रोकला मिसळायचं नाही, तिथं ऑइल वेगळं भरतात.

टिल्ट आणि ट्रिम यात गोंधळ होतो. इंजिन पाण्याबाहेर उचलणं ते टिल्ट. चालताना इंजिनाचा कोन थोडासा आत-बाहेर करणं ते ट्रिम. निघताना ट्रिम आत, म्हणजे नाळ खाली राहते, वेग आल्यावर हळूहळू बाहेर. कमी वेगात बोट पाणी कापत, ढकलत जाते, तो डिस्प्लेसमेंटचा प्रकार, वेग वाढला की नाळ वर उठते, समोरचं काही दिसत नाही, आणि अजून गॅस दिला की बोट पाण्यावर चढून सपाट पळायला लागते, ते प्लेनिंग. मधल्या त्या नाळ-वर अवस्थेत रेंगाळायचं नाही, एकतर खाली या किंवा वर चढा, कारण तिथं पेट्रोल सगळ्यात जास्त जातं आणि समोर पोहणारा माणूस असला तरी दिसत नाही. प्लेनिंगवर नाळ वर-खाली आपटायला लागली तर तिला पॉर्पॉइझिंग म्हणतात, ट्रिम थोडा आत घ्या, थांबतं. वेग नॉटमध्ये लिहिलेला असतो, १ नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, आपल्या पाण्यात किलोमीटरच बरे.

तळाशी साचणाऱ्या पाण्याची जागा म्हणजे बिल्ज, ते उपसायचा बिल्ज पंप, आणि ट्रान्समला खाली एक भोक असतं त्याचं बूच म्हणजे ड्रेन प्लग. बोट ट्रेलरवरून पाण्यात सोडताना हे बूच लावलंय का बघायला एक माणूस ठरवून ठेवा, आणि बूच किल्लीच्याच जुडग्याला बांधा. बाकी एक तांब्या किंवा कापलेला पाच लिटरचा कॅन असू द्या, पंपाची बॅटरी नेमकी पावसातच बसते.

दोऱ्या. नाळेला बांधलेली दोरी पेंटर. बोटीवर किंवा जेटीवर दोन शिंगांची खुंटी असते ती क्लीट, तिला आधी एक पूर्ण वेढा, मग इंग्रजी आठसारखे दोन फेरे, शेवटचा उलटा, झालं. फेंडर म्हणजे धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला टांगायचे फुगे, आपल्याकडं टायर, टायरनं काळे डाग पडतात पण काम होतं. बांधताना पाण्याची चढ-उतार धरा. पावसाळ्यात रात्रीत पाणी चढलं आणि पेंटर आखूड ताणून बांधलेली असली तर नाळ खाली ओढली जाते, आणि उतरलं तर बोट उतारावर टांगलेली दिसते सकाळी.

नांगर टाकताना शब्द लागतो स्कोप. नांगराला लावलेली सगळी दोरी-साखळी मिळून रोड, आणि खोलीच्या किती पट रोड सोडला तो स्कोप. पाच ते सात पट पाहिजे. पाणी १० फूट, त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची २ फूट मिळवायची, १२ झाले, म्हणजे ६० ते ८४ फूट दोरी. लोक १० फूट पाण्यात १५ फूट दोरी सोडतात आणि म्हणतात नांगर धरत नाही, धरणार कसा, दोरी उभी ओढली की तो उपटलाच जाणार, त्याला तळाशी आडवी ओढ पाहिजे, म्हणून नांगराजवळ थोडी साखळी पण. नांगर कायम नाळेवरून. मागून कधीच नाही, ट्रान्सम सगळ्यात खुजी असते, ओढीत वाहत्या पाण्यात मागून नांगर टाकला की पाणी सरळ आत. कोयनेत तळाला बुंधे असल्यामुळं चार नखांचा नांगर अडकतो तो अडकतोच, त्याच्या डोक्याला एक वेगळी बारीक दोरी बांधून ठेवा, ट्रिप लाइन, तिनं उलटा ओढून निघतो.

दोन बोटी समोरासमोर आल्या तर काय. रस्त्यावर आपण डाव्या बाजूनं जातो, पाण्यात उलट. समोरासमोर आलात तर दोघांनी स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडं वळायचं, आणि एकमेकांच्या पोर्टवरून निघायचं. आडवी बोट तुमच्या स्टारबोर्डकडून येत असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं, तुम्ही गिव्ह-वे, ती स्टँड-ऑन. ओव्हरटेक करणाऱ्यानं पुढच्यापासून लांब राहायचं. हे समुद्रावरचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, पण गोड्या पाण्यात पण हीच सवय ठेवा, नाहीतर एक डावीकडं आणि एक उजवीकडं म्हणजे टक्करच. हॉर्न एक छोटा, मी स्टारबोर्डला वळतोय. दोन छोटे, पोर्टला. तीन, इंजिन रिव्हर्समध्ये आहे. पाच किंवा जास्त, तुझं काय चाललंय ते कळत नाही, धोका आहे. रात्री समोर लाल-हिरवा दोन्ही दिसले तर बोट सरळ अंगावर येतेय, नुसता लाल दिसला तर तिची पोर्ट बाजू तुमच्याकडं आहे, नुसता पांढरा दिसला तर बहुतेक तुम्ही तिच्या मागं आहात, किंवा ती नांगरून उभी आहे. वळीव येतो त्या दिवसांत मात्र रात्रीचं सोडा, दुपारनंतरच पाण्यात जायचं की नाही ते ढग बघून ठरवा.

कागदांचं थोडक्यात. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आला, १९१७ चा जुना कायदा गेला. इंजिनाच्या बोटीला सर्व्हे आणि रजिस्ट्रेशन हे दोन शब्द त्यातून येतात, सर्व्हे म्हणजे बोट पाण्यात न्यायच्या लायकीची आहे का याची तपासणी, जमीन मोजणी नव्हे. माणसं पैसे घेऊन फिरवणार असाल तर विमा आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र यांची चौकशी बोट घ्यायच्या आधीच करा. वासोट्याच्या बाजूला जाणार असाल तर तो भाग कोयना अभयारण्याचा, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा, वन खात्याची परवानगी बोटीच्या कागदांपेक्षा वेगळी.

हंगाम संपला की इंजिन काढून ठेवताना उभं ठेवा, आडवं पाडायचं नाही, उभं असलं की आतलं पाणी निथळतं. त्याआधी इंजिन पाण्यात चालू असताना पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जाळून टाका. लोअर युनिटला दोन स्क्रू असतात, खालचा ड्रेन, वरचा व्हेंट, गिअर ऑइल काढताना दोन्ही उघडायचे आणि भरताना खालून वर भरत यायचं, वरच्या भोकातून ऑइल दिसेपर्यंत. काढलेलं ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचं निघालं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय, पंखा काढून शाफ्टवर मासेमारीचा तंगूस गुंडाळलाय का आधी तो बघा, बऱ्याचदा सील त्यानंच कापलेलं असतं.